भावाच्या रानातलं खत

प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीचा कायदा आला तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त मिरवलं ते मी. शाळेतून निवृत्त झालेली, ओरडायला पोरं उरली नव्हती, मग शेजारणींवर ओरडत होते. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात. एकीने डायपर हिरव्यात टाकला, तर तिच्या दारात उभी राहून मी तमाशा केला. ओल्या कचऱ्याचं खत शेतकऱ्यांना फुकट द्यायचं पालिकेत ठरलं, आणि पहिलीच ट्रॉली मी माझ्या धाकट्या भावाला मिळवून दिली.

भावाचं रान कुंडलच्या अलीकडे. गुडघ्यांनी दगा दिला तशी त्याने म्हशी विकल्या, आणि शेणखत बंद झालं. अर्धा एकर आलं लावायचं होतं. बाकीचं रान मीठ फुटून खारावलेलं, तेवढाच एक तुकडा त्याचा चांगला.

"आक्का, शेरातला कचरा लय वंगाळ असतोय. नगं मला," तो म्हणाला.

"गप रं! आम्ही निवडून देतो सगळं. कायदा आहे आता," मी त्याला झापलं. काय तो माझा तोरा!

खत पडलं, बेड झाले, पाणी सोडलं. आठवड्याभरात भावजयीचा फोन आला, "आक्का, जरा येऊन बघून जावा." गेले. काळ्याभोर मातीवर प्लास्टिकच्या पांढऱ्या, निळ्या, गुलाबी चिंध्या, नखाएवढ्या. एक उचलावी तर खाली दुसरी. भाऊ गुडघ्याला पट्टा बांधून सरीत बसला होता आणि घमेल्यात वेचत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "च्या घेऊन जा."

तिथून मी तरातरा खताच्या शेडवर गेले. कुठल्या गल्लीतल्या बायकांचं हे काम असणार, ते मनात ठरवूनच गेले होते. तिथे कचरा निवडणाऱ्या बाईला मी नाही नाही ते बोलले. ती म्हणाली,

"आवं बाई, समद्या पिशव्या फोडून बघतो आमी. शिळंपाकं, कुजकं, कायबी असू द्या. पन देवाची पिशवी कशी फोडायची? निर्माल्य पायाखाली आलं तर पाप कुनाला? ती हाय तशी बारीक करायच्या मशीनमधी जाती."

तिने कोपऱ्याकडे बोट केलं. झेंडू, दूर्वा, तुळस भरलेल्या इवल्या इवल्या पिशव्यांचा ढीग होता. प्रत्येकीला घट्ट गाठ.

त्या गाठी मी ओळखल्या. देवाची फुलं खरकट्यात टाकायची नाहीत, हे आईने शिकवलेलं. म्हणून मी ती रोज वेगळी बांधत होते, दुधाच्या रिकाम्या पिशवीत, दोन गाठी मारून, आणि हिरव्या डब्यावर हलकेच ठेवत होते. नदीत सोडत नाही म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेत होते. वर गल्लीतल्या बायकांना सांगितलेलं, निर्माल्य असं द्या, वेगळं. त्याला मी कधी कचरा मानलंच नाही, आणि त्या पिशवीला पिशवी. झक मारली आणि लोकांना शहाणपण शिकवलं!

दुसऱ्या दिवशी भावाच्या रानात जाऊन सगळं सांगून टाकलं. वाटलं, ओरडेल. चार शिव्या हासडेल, मग मीही रडून मोकळी होईन. तो वेचतच राहिला. मी शेजारी बसून हात लावायला गेले, तर चिंधी बोटात चुरली आणि तिचे आणखी तुकडे झाले.

"ऱ्हाऊ दे, आक्का," तो म्हणाला. "नांगर घातला की अजून वर येनार. पोरांच्या हातात रान गेलं तरी येत ऱ्हानार."

"तू नको म्हणत होतास," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला. "पन घरात शिकलेली तू एकटीच. म्हनून ऐकलं."