सावलीच्या बाजूचं गाव

या पृथ्वीतलावर एकाच माणसानं सर्वांत जास्त गावं नाकारली असतील, तर ती माझ्या थोरल्या साडूंनी. मुलगी बघायला गेलेली मंडळी पोहे खाऊन नकार कळवतात; आमचे साडू प्लॅटफॉर्मवरचा चहा पिऊन अख्खी गावं नाकारत, आणि आपल्याला कुणी बघून गेलं याचा त्या गावांना पत्ताही नसे. साडू बडनेऱ्याला भाड्याच्या घरात राहत आणि अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत नोकरी करत. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. याला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात, आणि अपडाऊन करणाऱ्याला कुणी पगार किंवा हुद्दा विचारत नाही, किती वर्षं झाली एवढंच विचारतात. साडूंना तीसच्या वर झाली होती. पुढच्या हिवाळ्यात ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी त्यांना राहायला एक गाव निवडायचं होतं.

हे गाव मलाही लागू होणार होतं. साडूंची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. म्हातारपणी भिंतीला भिंत लावून राहायचं, हे दोघींनी माझ्या लग्नाच्या मांडवातच ठरवलं होतं. मला ते कळलं तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पुढे दोघींच्या मध्ये अमरावती ते बडनेरा एवढंच अंतर राहिलं, पण संसारात ते दिवाळी-अक्षय्य तृतीयेलाच ओलांडलं जाई. त्यातून ताईंना, म्हणजे थोरलीला, धुळीनं दम लागायचा. तेव्हा स्वच्छ हवेच्या ठिकाणी दोन घरं शेजारी-शेजारी बांधायची, असं ठरलं आणि ते काम आम्हा दोघा पुरुषांवर सोपवण्यात आलं. इथे पहिली चूक झाली. मी कॉलेजात शिकवतो. वर्षानुवर्षांच्या वाचनातून माझ्या मनात एक गाव तयार झालं होतं. त्यात विहीर होती, पार होता, संध्याकाळी घरी येणारी गुरं होती. डास आणि ग्रामपंचायतीची निवडणूक नव्हती. साडूंना असलं काही नको होतं. त्यांची अट एकच. "मले गाव कोनतंही चालते, प्रोफेसर. पन घरात बसल्या-बसल्या गाडीचा आवाज आला पाहिजे, अन् वाटलं तं उठून त्या गाडीत बसता आलं पाहिजे."

या एका अटीनं अर्धा जिल्हा बाद झाला. मला तिवसा आवडलं होतं. हमरस्त्यावरचं गाव, बाजार चांगला, आणि जवळच गुरुकुंज मोझरीचा आश्रम, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेचीही सोय. साडू तिथे पाच मिनिटं उभे राहिले, चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाले, "सगळं हाये. रूळ कुठी हाये?" मग मी चांदूर रेल्वे सुचवलं. रुळाची तक्रार तिथे निघणं शक्य नव्हतं. साडूंनी मान हलवली. "ज्या गावाले नावातच रेल्वे सांगा लागते, त्याच्यावर माहा भरोसा नाई." खरं कारण वेगळं होतं. चांदूर नागपूरच्या बाजूला पडतं, आणि साडूंचा डबा, डब्यातली माणसं, चिवड्याची पुडी आणि पत्त्यांचा डाव हे सगळं अकोल्याच्या बाजूला होतं.

उरलेल्या गावांना परीक्षा होत्या. पहिली पाण्याची. अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या पट्ट्यात पुष्कळ गावांचं पाणी खारं, त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. म्हणून साडू प्रत्येक स्टेशनावरून, गावातल्या हातपंपावरून, एकदा तर एका लग्नघरच्या टाकीतून बाटलीभर पाणी घरी आणत आणि ताई त्यात वरण लावत. बडनेऱ्याच्या त्या स्वयंपाकघरात ओट्याखाली बाटल्यांची रांग असे आणि प्रत्येकीवर गावाच्या नावाची चिकटपट्टी. मी जेवायला गेलो की ताई वाढताना म्हणत, "घ्या जवाईबापू, आज कुरमाचं वरण हाये. कालचं मान्याचं तं दातातच राह्यलं." एका बाटलीतल्या पाण्यानं कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकून घेतल्या आणि डाळ जशीच्या तशी परत केली. ते गाव साडूंनी त्याच ताटावर बाद केलं.

दुसरी परीक्षा बाकाची. साडू अनोळखी स्टेशनावर उतरत आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर हातातली पिशवी मांडीवर घेऊन बसत. 'कोन्या गावचे?' असं कुणी विचारलंच नाही, तर गाव मेलेलं. विचारलं आणि पुढे गेला, तर गाव बरं. एकदा मी सोबत होतो. एक धोतरवाले गृहस्थ येऊन बसले. त्यांनी गाव विचारलं, मग कोनाच्या घरचे ते विचारलं, मग पोरंबाळं, मग शुगर आहे का ते विचारलं, आणि परतीची गाडी येईपर्यंत आम्हाला घरी भाकर खायला चला म्हणून उठवूही लागले. मी विरघळलो होतो. माझ्या मनातलं गाव ते हेच, अशी माझी खात्री पटली होती. गाडीत बसल्यावर साडू म्हणाले, "हे बी नाई जमत. अठी रोज कोनी ना कोनी जेवाले बोलावन. मी पथ्य कसं सांभाळू?"

पण साडूंचं खरं शास्त्र होतं ते सावलीचं. बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना ते उजव्या हाताच्या खिडकीत बसत आणि येताना डाव्या. वर्षातले बहुतेक दिवस ऊन दुसऱ्या बाजूनं येतं, आणि डब्यात चढताच रुमाल टाकून सावलीची खिडकी धरायची हे अपडाऊनवाल्यांचं पहिलं कौशल्य. नवा माणूस उन्हाच्या बाजूला बसला की साडू त्याला समजावत, "नोकरीवाल्यानं सावलीत बसावं बाप्पा. ऊन कुठी पळून नाई जात, ते पेन्शनीत घ्यावं." या वाक्यावर डब्यातली निम्मी कचेरी माना डोलवत असे. मीही डोलवली आहे. यातून काय निघणार होतं ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

शेवटी गाव मिळालं. त्याचं नाव इथे देत नाही, कारण तिथे आमचे दोन प्लॉट अजून आहेत आणि ते विकायचे आहेत. साडू हे गाव तीस वर्षं खिडकीतून पाहत आले होते. स्टेशनाला लागून कडुनिंबांची रांग, त्यामागे शाळा, पांढरं देऊळ आणि एका ओट्यावर सार्वजनिक वाचनालय, जिथे चार म्हातारे रोज एकच पेपर चार भागांत वाटून वाचत बसलेले असत. पाचवी जागा माझी, हे मी मनात धरून टाकलं. पाणी पास झालं. डाळ लोण्यासारखी शिजली. बाकावर एकानंच गाव विचारलं आणि तंबाखू मळत निघून गेला. त्या बाजूला मात्र जागा विकाऊ नव्हती. रेल्वेफाटक ओलांडून रुळांच्या पलीकडे नवं लेआऊट पडलं होतं, तिथे दोन प्लॉट शेजारी-शेजारी होते. श्रावणात आम्ही दोघंच जाऊन ते पाहून आलो. बायकांना एकदम भूमिपूजनालाच न्यायचं, अशी गंमत साडूंनी योजली होती.

श्रावणातलं ते दृश्य काय सांगावं. हिरवंगार रान, फुलपाखरं, आणि शांतता एवढी की मला माझेच विचार ऐकू येऊ लागले आणि ते फारच चांगले वाटले. प्लॉटला लागून एक लांबलचक पत्र्याचं शेड होतं. दाराला कुलूप, अंगणात गवत. "हे कशाचं?" मी दलालाला विचारलं. "बंद हाये," तो म्हणाला, आणि त्यात अक्षरही खोटं नव्हतं. गंजलेल्या पत्र्यांकडे बोट दाखवून मी साडूंना बंद पडलेल्या कारखान्यांच्या उदास सौंदर्यावर दहा मिनिटं बोललो. साडूंनी ते ऐकून घेतलं, कारण त्याच वेळी मालगाडी गेली आणि तिचा आवाज प्लॉटवर स्पष्ट आला. त्या आठवड्यात कागद झाले. मी अमरावतीला परतलो आणि घराच्या आधी घराची पाटी करायला टाकली. सागवानी, कोरीव अक्षरांची. घराचं नाव ठेवलं होतं 'निःशब्द'.

मार्गशीर्षात भूमिपूजनाला आम्ही चौघं आणि गुरुजी गाडीनं निघालो. साडूंनी सवयीनं सावलीची बाजू धरली आणि ताईंना कडुनिंब, देऊळ, वाचनालय दाखवलं. ताई खूश झाल्या. उतरून आम्ही फाटकाकडे वळलो तर फाटकापासून पार प्लॉटपर्यंत कापसाचे ट्रॅक्टर उभे. शेडचं कुलूप गेलं होतं. आत यंत्रं धडधडत होती, बाहेर सरकीचे ढीग होते आणि हवेत कापसाचे तंतू असे तरंगत होते की गुरुजींनी कलशावर नारळ ठेवेपर्यंत कलशाला दाढी आली. ती जिनिंग होती, कापसातली सरकी वेगळी करणारी आणि फक्त हंगामात चालणारी गिरणी. ज्या मुलखात मूल चालायला लागायच्या आधी कापसाच्या गंजीवर लोळतं, त्या मुलखात जन्मलेली, शिकलेली, केस पिकवलेली दोन माणसं श्रावणात बंद असलेली जिनिंग ओळखू शकली नव्हती. आणि त्यातला एक तिच्यासमोरून तीस वर्षं रोज दोनदा गेला होता, तिच्याकडे पाठ करून.

गुरुजींचे मंत्र दिसत होते, ऐकू येत नव्हते. ताईंनी पदर नाकाला लावला होता तरी खोकला थांबेना. साडूंनी ताईंना धरून दूर बाभळीखाली बसवलं, स्वतःच्या रुमालानं वारा घालायला लागले आणि हळूच म्हणाले, "पानी पाह्यलं. बाक पाह्यला. तुह्या दमाचं पाह्यलंच नाई मी." ताई खोकत-खोकत म्हणाल्या, "पाह्यलं असतं, पन तुमी त्या बाजूले बसता कुठी?" माझी बायको त्यांच्या शेजारी बसली होती. दोघींच्या डोक्यावर कापूस पडून केस पांढरे झाले होते. म्हातारपणी या दोघी शेजारी-शेजारी बसल्या की कशा दिसतील, ते मला त्या बाभळीखाली आधीच बघायला मिळालं.

परतीच्या गाडीत बायकोनं निकाल दिला. "आमी काय मांगतलं होतं? भिंत मांगतली होती. गाव कोनं मांगतलं होतं तुमाले?" आम्ही दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. अर्थात सावलीच्या बाजूच्या.

माझ्या अमरावतीच्या घराला मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत. त्यातला भाडेकरू बदली होऊन गेला होता आणि मी नवा शोधत होतो. इतकी गावं पालथी घालताना ही जागा आम्हा दोघांनाही सुचली नव्हती, कारण तिथे जायला गाडी लागत नाही. संक्रांतीच्या आत साडू आणि ताई तिथे राहायला आले. गल्ली झाडांची, वर्दळ कमी. ताईंचा खोकला बसला. मध्ये एकच भिंत आहे, आणि तिच्यातून दोन्ही बहिणी दिवसभर एकमेकींशी एवढं बोलतात की माझ्या घराला 'निःशब्द' ही पाटी लावणं शक्य झालं नाही. ती सध्या ताईंच्या रांजणावर झाकण म्हणून आहे. मजबूत आहे.

साडू निवृत्त झाले. डब्यातल्या मंडळींनी मूर्तिजापूर ते बडनेरा एवढ्या वेळात शाल, श्रीफळ, चिवडा आणि सात भाषणं बसवली. त्यानंतर साडू ओट्यावर बसू लागले. आमच्या गल्लीत गाडीचा आवाज येत नाही. संध्याकाळ झाली की ते घड्याळाकडे पाहून परतीच्या गाडीची स्टेशनं आपल्याशीच मोजत, "आता काटेपूर्णा गेलं असन," आणि थोड्या वेळानं, "आता माना." बडनेरा आलं की उठून आत जात. गावाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. एक दिवस ताईंनी मला भिंतीआडून नाही, समोर येऊन सांगितलं, "जवाईबापू, याईले एकडाव अकोल्याले घेऊन जा. काम नसलं तरी."

आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. डब्यात जुनी मंडळी होती. "या भाऊ, तुमची खिडकी धरून ठेवली," कुणीतरी हाक दिली. साडू उभे राहिले, आणि मग डाव्या हाताला, उन्हात जाऊन बसले. "काहून भाऊ?" "पेन्शन सुरू झाली ना बाप्पा," ते म्हणाले. मी शेजारी बसलो. ऊन मांडीवर येत होतं. त्या बाजूला काय काय होतं. एक तलाव होता. संत्र्याची बाग होती. घरांची मागची अंगणं होती, वाळत घातलेल्या गोधड्या होत्या, एका नाकारलेल्या गावाचा अख्खा आठवडी बाजार होता. साडू प्रत्येक गावाला मान वळवून पाहत राहिले. "हे बी चांगलं होतं," एकदा ते म्हणाले. पुढच्या स्टेशनावर पुन्हा म्हणाले. यातली निम्मी मी पसंत केली होती.

आमचं गाव आलं. जिनिंग चालू होती. दोन प्लॉटांच्या मध्ये बोरीचं झुडूप उगवलं होतं आणि कुणाच्या तरी शेळ्या आमच्या न झालेल्या बैठकीत निवांत बसल्या होत्या. साडू अचानक उठले, खाली उतरले आणि गाडी सुटता-सुटता परत आले. हातात नळावरून भरलेली पाण्याची बाटली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली. माझी बायको सवयीनं इकडून म्हणाली, "ताई, आज कोन्या गावचं वरण हाये?" ताईंच्या आधी साडूंचा आवाज आला.

"आपल्या गावचं."