वईच्या पलीकडची

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात माणसांपेक्षा कुंपणांना जास्त जीव लावणारी एकच बाई झाली, आणि ती म्हणजे माझी थोरली मावशी. अर्थात ‘कुंपण’ हा शब्द तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. तो शाळेतला. तिच्या लेखी काट्या नुसत्या रचल्या की कुपाटी, निरगुडीच्या फांद्या उभ्या-आडव्या विणल्या की वई, वई शेणामातीनं लिंपली की कूड, आणि येण्याजाण्याच्या वाटेवर लावायची विणलेली झाप म्हणजे ताटी. लग्नानंतर आमच्या ह्यांना पहिल्यांदा दारव्ह्याजवळच्या तिच्या गावी नेलं. हे यवतमाळच्या कचेरीतले, कौतुकानं म्हणाले, “मावशी, कंपाउंड छान आहे हं तुमचं.” मावशीनं उघडलेली ताटी परत लावून घेतली. “वई म्हना, जवाईबापू.” हे हसले. ती हसली नाही. बिचाऱ्यांना पहिला चहा बाहेर उन्हात उभ्यानं घ्यावा लागला. कप अर्धा झाल्यावर ‘वई’ म्हणाले, तेव्हा कुठे आत पाट मांडला गेला.

स्थळ बघायला गेली की ती मुलगा पाहायचीच नाही. माझ्या मामेबहिणीचं उमरखेडचं चांगलं जमत आलेलं स्थळ तिनं परसातली वई बोटानं हलवून मोडलं. “ढिली हाय. घरातलं बोलनं सारं बाहीर सांडत असन.” एसटीत खिडकीशी बसली की रस्त्याकडेच्या प्रत्येक वाकड्या वईच्या अनोळखी मालकाला ती चालत्या गाडीतून शिव्या घाले, आणि कंडक्टर तिकिटाचं विसरून ऐकत उभा राही.

वई विणायला दोघं लागतात. एकानं अलीकडून फांदी सारायची, दुसऱ्यानं पलीकडून ओढून, वळवून परत द्यायची. मावशीच्या आणि शेजारच्या म्हातारीच्या अंगणांत एकच वई, त्यामुळे विणणंही दोघींचं आणि भांडणही दोघींचंच. म्हातारी डावखुरी, सगळी वीण उलटी करते, असं मावशीचं म्हणणं. मावशीच्या मनगटात जोर नाही, असं म्हातारीचं. एकमेकींचं तोंड न पाहता, एकाच फांदीची दोन टोकं धरून त्या दुपारभर भांडत.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. गावातल्या एकेका घराला कुलूप लागत गेलं. म्हातारीचा मुलगाही आई-बायकोला घेऊन कामासाठी पुण्याकडे गेला. पहिल्याच थंडीत म्हातारी तिकडे वारल्याचा निरोप आला. मावशी रडली नाही. “आता वई कोन धरन?” एवढंच म्हणाली.

त्या चैत्रात मी एकटीच तिच्याकडे गेले. भर दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मावशी वईपाशी बसून विणत होती. मी हाक मारणार, तेवढ्यात पाहिलं : तिनं सारलेली फांदी पलीकडे गेली, ताणली गेली आणि वळून परत तिच्या हातात आली. मला वाटलं, म्हातारीकडचं कोणीतरी परतलं. टाचा उंचावून डोकावले. दाराला गंजलेलं कुलूप. अंगणात गुडघाभर वाळलेलं गवत, कुठेही तुडवलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत दुसरी फांदी आत गेली आणि सावकाश ओढली गेली. वारा नव्हता.

“मावशी, पलीकडे कोण आहे?”

“चूप बस. तिले मधात बोललेलं खपत नाही.” मग वईकडे तोंड करून म्हणाली, “अन् तू वं? उलटं काहून वळवून राह्यली?”

मी चहा ठेवायला आत पळाले. गडबडीत साखरेऐवजी मीठ पडलं. मावशीनं तो चहा शांतपणे संपवला आणि म्हणाली, “जरा कमी टाकत जाय.”

पुढच्या वर्षी म्हातारीचा मुलगा परतला. मी तेव्हा तिथंच होते. वई उपटून जागा विकायची, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं.

“पह्यले आतून पाह्य,” मावशी म्हणाली. “मंग उपट.”

तो कुलूप काढून अंगणात गेला, तो बाहेर येईना. आम्ही जाऊन पाहिलं, तर तो वईपुढे उकिडवा बसला होता. फांद्या ताज्या होत्या, साल अजून ओली, आणि सगळी वीण डाव्या हाताची. त्यानं तिच्यावरून बोटं फिरवली.

“हा तं मायचा हात हाय, मावशी. पन माय तं...”

“फांदी धर,” मावशी म्हणाली.

त्यानं धरली. त्या दुपारी दोघांनी मिळून राहिलेली बाजू विणली. जागा विकली गेली नाही. बायको आली, अंगण सारवलं गेलं, त्या घरातून पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मीही.

“आता सोबत झाली तुला,” मी मावशीला म्हटलं.

“पोरगा गुनाचा हाय,” ती म्हणाली. “सांगतलं तसं वळवते. कायले भांडन?” फांदी सारून ती कान देऊन थांबली. फांदी सरळ, नीट परत आली. “तो आला तवापासून थे आलीच नाही. घरात मानूस आलं, तं तिले जागा कुठं उरली?”

मग तिनं मुद्दाम एक फांदी ढिली आणि तिरपी सारली, आणि श्वास रोखून बसली. पलीकडून मुलानं ती अदबीनं घट्ट करून, सरळ करून परत दिली.