सगळ्यांच्या आवाजात

मागच्या उन्हाळ्यात यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा मात्र गेली. समजायचं सगळं. पाणी हवं असलं की ओठ हलायचे, शब्द सापडायचा नाही, डोळे भरून यायचे आणि शेवटी हे हातानंच 'जाऊ दे' म्हणायचे. जन्मभर एसटीच्या चौकशी खिडकीवर बोलत आलेला माणूस! चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायची पाळी आली की आदल्या दिवशी आरशासमोर उभं राहून वाचून बघायचे.

दवाखान्यातून आल्यावर यांनी चर्चला जायचं सोडलं. रविवारी मी साडी नेसून उभी राहिले की हे तोंड भिंतीकडे करायचे. मुलगी पुण्याला असते. तिनं टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. "आई, घरीच बघा ना उपासना. पप्पांची ओढाताण कशाला?" तिचंही खरं होतं. पाळकांचे संदेश चांगले असायचे, आवाज स्वच्छ यायचा. चहा घेत आम्ही दोघं सोफ्यावर बसायचो. प्रार्थना मी मोठ्यानं म्हणायची, हे पडद्याकडे बघत गप्प. टीव्ही बंद केला की घर एकदम रिकामं वाटायचं. आम्हाला कुणी 'कसं आहे' विचारलेलं नसायचं आणि आम्हीही कुणाला विचारलेलं नसायचं.

यांचे एक मित्र आहेत. मूळचे गंगापूरकडचे, कारखान्यात टर्नर होते. चर्चमध्ये दोघं कित्येक वर्षं एकाच बाकावर बसायचे. दिवाळीच्या आसपास एका रविवारी सकाळी ते थेट रिक्षा घेऊनच दारात आले.

"वहिनी, ह्याचा इस्त्रीचा शर्ट आणा."

यांनी जोरात मान हलवली.

"नको कसं? बोलता येत नाय म्हणून? आरं, इतकी वर्षं तूच बोललास. मला कुठं बोलू दिलंस? आता माझी पाळी!"

हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मी लगबगीनं शर्ट आणला.

चर्चच्या आवारात सगळे भोवती जमले. काहीजण तर यांना ऐकूच येत नसल्यासारखे ओरडून बोलत होते. यांनी माझा हात घट्ट धरला होता. उगाच आणलं, असं मला वाटायला लागलं. पहिलं गीत झालं, दुसरं झालं, हे गप्पच. मग पाळकसाहेबांनी सगळ्यांना तोंडपाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली. सगळे उभे राहून म्हणू लागले आणि मला शेजारून एक खरखरीत आवाज ऐकू आला. अर्धा शब्द मागे, पण स्पष्ट.

मी म्हणायची थांबले. हे म्हणत होते!

मित्रानं मान वळवली नाही. फक्त ते जरा सावकाश म्हणू लागले. मग मागच्या बाकावरचेही सावकाश झाले. 'आमेन' सगळ्यांचं एकदमच झालं.

बाहेर आल्यावर कुणीतरी विचारलं, "चहा घेणार ना?" यांनी तोंड उघडलं, शब्द आला नाही. नुसती मान डोलावली. संध्याकाळी घरी मी आशेनं प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या ओळीतच हे अडकले. वाचा शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पाठ असलेलं कधी कधी असं निघतं. चार आवाजांच्या सोबतीनं तर आणखी सोपं जातं. पण म्हणून वाचा आली असं समजू नका." मी समजले. पण त्यानंतर दर रविवारी शर्ट हे स्वतःच काढून ठेवायला लागले.

गेल्या महिन्यात मित्र चर्चला आले नाहीत. डेंग्यू झाल्याचं कळलं. उपासना संपल्यावर मी रिक्षावाल्याला घरचा रस्ता सांगत होते, तर यांनी माझा पदर ओढला आणि दुसरीकडं बोट केलं. मित्राच्या घराकडे.

ते खाटेवर पडून होते, चेहरा उतरलेला. "आलास व्हय," ते म्हणाले. "लई ताप हाये. घरात मच्छर हायेत, लांब बस जरा."

हे लांब बसले नाहीत. खाटेच्या कडेवर बसून त्यांनी मित्राचा हात हातात घेतला. मग मित्रानं डोळे मिटले आणि तीच प्रार्थना सुरू केली. हेही मागोमाग म्हणू लागले. मध्येच मित्राला दम लागला, आवाज बसला. त्यांची बायको आणि मी पुढं म्हणणार, इतक्यात यांनीच एकट्यानं पुढची ओळ म्हटली. मग त्यापुढची. मग मात्र शब्द हरवला आणि यांनी आमच्याकडे पाहिलं.

उरलेलं आम्ही दोघींनी म्हटलं. शेवटी 'आमेन' म्हणताना चौघांचाही आवाज होता. मग ती चहा ठेवायला उठली आणि मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ते दोघं तसेच हात धरून बसले होते.