मामांनी लांबवलेले दिवस

'दिवस' या शब्दाची मालकी साऱ्या कुलाबा जिल्ह्यात कुणाकडे असेल, तर ती दिवेआगरच्या माझ्या थोरल्या मामांकडे होती. सुपारीच्या वाडीतली कामं गड्यांवर टाकून हा माणूस सदा या एका शब्दाच्या मागे असे. बोलण्याच्या ओघात कुणी तो उच्चारला की संपलंच. शेजारणीने सुनेला दिवस गेल्याचं कौतुकाने सांगितलं, तर अभिनंदन राहिलं बाजूला, आनंदाच्या बातमीत 'गेले' का म्हणायचं, यावर त्या बिचारीला त्यांनी अर्धा तास उभं केलं. दिवस गरोदर बाईचेही भरतात आणि म्हाताऱ्याचेही, हे तर एका आजारी गृहस्थाला त्याच्याच उशाशी बसून समजावलं. एकदा बोर्लीच्या बाजारात टोपली आवरणारी कोळीण 'दिवस बुडाला' म्हणाली. मावळला का नाही म्हणालीस, म्हणून मामांनी तिला अडवलं. ती म्हणाली, "आमचा बुडतोच तो. रोज डोल्यांनी बघतो आमी." मामा इतके खूश झाले की मासे न खाणाऱ्या या माणसाने तिची उरलेली सुकट विकत घेतली आणि रस्त्यातच वाटून टाकली.

पण याच मामांना एक मोजणी कधी जमली नाही. त्यांचा एकुलता मुलगा लग्नानंतर वर्षभरातच मालवाहू जहाजावर कारकून म्हणून गेला. एडनहून एक पत्र आलं, पुढे काही नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा जाळून त्याचे दिवस करायचे, ही आमच्याकडची रीत. बारा वर्षं झाली तसे भटजी आले. मामांनी जुनी पंचांगं काढून मधले सगळे अधिक महिने वजा केले. तेवढे महिने सरल्यावर भटजी पुन्हा आले, तेव्हा मोजणी घर सोडल्यापासून नव्हे, पत्र लिहिल्यापासून हवी, असं निघालं. त्यानंतर, पत्र हाती पडल्यापासून. गाव हसत होतं. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते. दिवस केले की वहिनीचं कुंकू पुसलं जाणार होतं, आणि मामा तेवढ्यासाठी मोजायला चुकत होते.

शेवटी वहिनीच त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मामंजी, आता मोजू नका. मी दमले."

मामांनी पंचांग मिटलं.

तेरावा झाल्यावर मी गेलो, तेव्हा ऐन दुपार होती. मामा ओटीवर उभे राहून, नारळ पाडणाऱ्या गड्याला हातानेच खाली उतर म्हणून खुणावत होते. आत कोऱ्या कपाळाची वहिनी चटईवर गाढ झोपली होती. इतक्या वर्षांत ती दिवसा कधी आडवी झाली नव्हती; न जाणो, तो यायचा आणि हिला डोळा लागलेला असायचा. चहाच्या वेळी तिला उठवू का, असं मी हळूच विचारलं.

"नको," मामा म्हणाले. "आता कुणी यायचं नाहीये. झोपू दे तिला."