घर बंद, ठिपका चालू

आमची आत्या झोपलेली केव्हा असते आणि जागी केव्हा, हे ओळखणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. माझ्या बाबांना तर मुळीच नाही, आणि ते तिचे सख्खे धाकटे भाऊ.

दुपारी ती दाराशी वेताच्या खुर्चीत बसते. दार अर्धं उघडं, डोळे पूर्ण मिटलेले, पायातली एक सपात गळून पडलेली. पंखा तिच्या पांढऱ्या बटांशी चाळा करत असतो. बघणाऱ्याला वाटावं, बाई गेली पार दुसऱ्या गावाला. तेवढ्यात जिन्यात पाऊल वाजतं आणि मिटल्या डोळ्यांनीच निकाल लागतो, "चेअरमन. आज उजवा गुडघा कुरकुरतोय त्यांचा." मी वाकून बघावं, तर इमारतीचे चेअरमनकाका खरंच उजवा गुडघा धरून, कठड्याला लोंबकळत वर येत असतात.

आत्याने उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. डोक्याला हेडफोन, समोर भोकांचा भलामोठा बोर्ड, आणि हातात वायरी. या भोकातली काढायची, त्या भोकात खुपसायची, की दोन माणसं बोलायला लागायची. "तिथे डोळ्यांना काम नव्हतं गं," ती सांगते. "सगळी नोकरी कानांची. एका वायरीत कुणाचं लग्न ठरतंय, दुसरीत कुणाचं मोडतंय, आणि मधे मी. पुलासारखी. खालून पाणी वाहतंय, वरून माणसं जातायत, पुलाला काय त्याचं!"

ती माणसं अजून तिच्या झोपेत येतात. पेंगता पेंगता ती मधेच म्हणते, "हं, बोला, जोडते," आणि हात उचलून हवेत काहीतरी अलगद खुपसते. मग हसते. बहुतेक त्या बाजूचं लग्न ठरलेलं असावं.

अशा बाईला विजेचं बिल दुपटीहून जास्त आलं.

बाबा आले ते बिल झेंड्यासारखं फडकवतच. बाबांच्या प्रत्येक वाक्याला पुढे एक मुद्दा जुंपलेला असतो. "मुद्दा असा आहे ताई, की तू गिझर चालू ठेवून झोपतेस."

"नाही ठेवत."

"मुद्दा असा आहे, की ठेवतेस हे तुला आठवत नाही. आठवलं असतं तर बंद केला असतास ना?"

आत्या म्हणाली, "बाळ्या, चहा घे." बाबांना अख्खं ऑफिस साहेब म्हणतं. टक्कल पडलंय, चाळिशी लागलीय. पण आत्यासमोर ते बाळ्याच.

बाळ्याने चहा घेतला आणि बजावलं. अजून एक बिल असं आलं, तर ताईने हे घर सोडून आमच्याकडे यायचं. आज गिझर विसरतेय, उद्या गॅस विसरेल. आमची मागची खोली रिकामी करायची, तिला नवा पडदा लावायचा. आईने पडद्याचा रंगसुद्धा विचारला.

आता मागची खोली वाईट नाही. शांत आहे. पण तेच तर. तिच्या खिडकीसमोर एक भिंत आहे, आणि भिंतीला पाय नसतात. तिथे आत्या दिवसभर कुणाला ऐकणार? त्या दुपारी खुर्चीत बसून तिने हवेत काहीच जोडलं नाही. हात मांडीवर तसेच पडून.

मी म्हणाले, "आत्या, बिल वाचून तरी बघू या."

आम्ही ते पलंगावर पसरलं. कोपऱ्यात मीटरचा फोटो होता. "हा माझा मीटर?" आत्या म्हणाली. "फोटोत बराच गोरा दिसतो." मग एकेक ओळ. मागचं रीडिंग हे, चालू रीडिंग हे. चालूमधून मागचं वजा केलं की राहिली ती या महिन्याची युनिटं. फोटोतला आकडाही तोच होता, म्हणजे लिहिताना चूक झालेली नव्हती. वीज न वापरताही द्यावा लागतो तो स्थिर आकारही मागच्याइतकाच. युनिटं मात्र दीडपट झाली होती.

"अगं, मग पैसे दुपटीवर कसे?" तिने विचारलं.

मी मागच्या पानावरचा दरांचा तक्ता दाखवला. सगळ्या युनिटांना एकच भाव नाही. पहिल्या टप्प्यातली स्वस्त. टप्पा ओलांडला की पुढच्या प्रत्येक युनिटाला चढा भाव, त्याच्या पुढे आणखी चढा.

आत्याने डोळे मिटून विचार केला. "म्हणजे जिनाच की. पहिला मजला हसतखेळत, दुसऱ्याला धाप, तिसऱ्याला गुडघा. आत्तापर्यंत मी पहिल्या मजल्यावर गुण्यागोविंदाने नांदत होते. मला वर ढकललं कुणी?"

ते तक्त्यात लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या बिलाचं रीडिंग घ्यायला पोरगा आला. तो बोलतच नाही, नुसता मोजून टाकतो, "फोटो. झाला. पुढे." आत्याने त्याला विचारलं, "बाळा, जास्त आहे का रे?" तो म्हणाला, "आजी, मी फक्त फोटो." आणि पुढच्या मीटरकडे. आठवड्याभरात बिल आलं, पुन्हा तेवढंच. सुट्टीच्या दिवशी बाबा दोन मोठ्या पिशव्या घेऊन हजर झाले.

"बाळ्या," आत्या म्हणाली, "एकदा वायरी काढून बघू दे. मग मी येते."

"कसल्या वायरी?"

"आमच्याकडे लाइनीत तिसराच आवाज घुसला, की आम्ही भांडत नव्हतो. एकेक वायर काढायचो आणि ऐकायचो. जी काढल्यावर आवाज थांबेल, तीच चोर."

बाबांना यात मुद्दा सापडला नाही, पण नाही म्हणायलाही सापडला नाही. आम्ही खाली गेलो. जिन्याखाली मीटरांची लांबट पेटी आहे, एका रांगेत सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर. प्रत्येकावर एक बारीक लाल ठिपका लुकलुकतो. वीज जास्त ओढली की भराभर, कमी ओढली की सावकाश. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते सगळे ठिपके बघितले की वाटतं, घरंच निजलीयत आणि हे त्यांचे श्वास आहेत. आत्याचा मीटर चौथा. ती समोरच्या पायरीवर बसली. बाबा वर गेले आणि एकेक वस्तू बंद करून जिन्यातून ओरडू लागले.

"फ्रिज!"

ठिपका सावकाश झाला.

"पंखा!"

आणखी सावकाश. थांबून थांबून, एखाद्याला बोलायचंय पण सुचत नाही तसा.

"मेन स्विचच पाडला!"

ठिपका विझला.

बाबा खाली आले, पेटीत डोकावले. मला वाटलं, आता मुद्दा येणार. पण ते हळूच म्हणाले, "बघितलंस ताई? तुझं घर बंद केलं की मीटर बंद. म्हणजे जे काही जळतंय ते तुझ्याच घरात जळतंय."

खरंच होतं ते. आत्याने मान हलवली. "बरं," ती म्हणाली. "जा, भर पिशव्या. काचेच्या बरण्यांना कागद गुंडाळ. मी बसते जरा."

बाबा वर गेले. कागद चुरगाळल्याचा आवाज येऊ लागला. आत्याने कठड्याला डोकं टेकलं, डोळे मिटले. मी शेजारी बसले. दुपारची इमारत म्हणजे पाण्याखालचं गाव. कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज, कुठेतरी मूल कुरकुरतंय, आणि सगळं लांबून, कापसातून. आत्याचा श्वास लांबत गेला. मला वाटलं, झोपली. जाऊ दे, इथली शेवटची झोप आहे, घेऊ दे.

मग अंगणाकडून घूं असा आवाज सुरू झाला. चेअरमनकाकांनी पाण्याचा पंप लावला होता, गच्चीवरची टाकी भरायला. रोजचाच आवाज. मी लक्षही दिलं नाही.

आत्याचा हात वर उचलला गेला, हवेत. आणि तिथेच थांबला.

"हं," ती झोपेतल्यासारखी म्हणाली, "लाइनीवर कुणीतरी आहे." मग डोळे उघडले आणि सरळ पेटीकडे बघितलं.

चौथा ठिपका वेड्यासारखा नाचत होता.

"बाळ्या!" अशी हाक मी आयुष्यात ऐकलेली नाही. बाबा हातात कागद गुंडाळलेली बरणी घेऊनच धावत आले. आत्याने ठिपक्याकडे बोट केलं. "माझं घर बंद आहे ना? मग हे बोलतंय कोण?"

बाबांनी तोंड उघडलं. मुद्दा आला नाही.

आत्या उठली, अंगणाच्या दाराशी गेली आणि तिचा जुना, गोड, ऑफिसातला आवाज लावला. "चेअरमनसाहेब, जरा पंप बंद करता का?"

"का हो?"

"लाइन तपासतेय."

घूं थांबलं. ठिपका विझला.

"आता चालू करा."

घूं. ठिपका नाचला.

"बंद."

"अहो बाई, पंप आहे, बाजाची पेटी नाही वाजवायची!" काका करवादले. पण बंद केला, आणि ठिपका पुन्हा विझला. मग तेही येऊन पेटीसमोर उभे राहिले. आम्ही चौघं त्या इवल्याशा काचेसमोर, पाळण्यात वाकून बघावं तसे.

"हे... हे कसं काय?" काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत चालला होता, कारण मागच्याच बैठकीत त्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं, 'बघा मंडळी, आपल्या इमारतीचं सामाईक वीजबिल कसं खाली आणलं! नियोजन! नियोजन!'

वायरमनला फोन झाला. तो आला, पेटी उघडली, बॅटरी मारली, आणि डोकं खाजवलं. या माणसाला काहीही विचारा, उत्तर एकच, 'होऊन जाईल.'

"जिन्याचं रंगकाम चाललं होतं ना ताई, तेव्हा सामाईक मीटरची वायर काढावी लागली. तर पंप आणि जिन्यातला दिवा मी तुमच्या मीटरवर टाकला, मेन स्विचच्या आधीच. तात्पुरता. दोन दिवसांसाठी."

"दोन दिवसांसाठी," बाबा म्हणाले. आवाज असा, की वायरमन एक पायरी खाली सरकला. "तिच्याच मीटरवर का?"

"हाताशी आला." तो ओशाळला. "राहूनच गेलं बघा, साहेब. आत्ता बदलतो. होऊन जाईल."

चेअरमनकाकांनी पंपाच्या युनिटांची भरपाई करायचं कबूल केलं, गुडघा चोळत चोळत. बाबा वर गेले. मी मागोमाग गेले, तर ते एकेका बरणीचा कागद सोडवून ती फळीवर होती तिथे ठेवत होते. कडेला कड लावून.

"बाळ्या," आत्या दारातून म्हणाली, "गिझर मी दोनदा विसरले होते. ते खरं आहे. सांगून टाकते."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "मी कधी विसरलो ते विचारू नकोस," ते म्हणाले. "मी गेल्या महिन्यात इस्त्री चालू ठेवून ऑफिसला गेलो."

"आईने सांगितलंय मला," मी म्हणाले.

"तू गप्प बस."

पिशव्या रिकाम्याच परत गेल्या. पंप आपल्या जागी, सामाईक मीटरवर, गेला. पण वायरमन दिव्याची वायर काढायला लागला, तेव्हा आत्याने त्याचा हात धरला. "हा राहू दे. फक्त याचं बटण माझ्या दाराच्या आत बसवून दे."

"ताई!" बाबा ओरडले. "पुन्हा?"

"मला वर ढकललं ते पंपाने. दिवा काय रे, चिमणीएवढं खातो. त्याला घेऊन मी पहिल्या मजल्यावरच राहते, हिशोब केलाय मी." मग जिन्याकडे बघत, "आणि मला कळतं ना, कोण येतंय ते."

आता संध्याकाळी तिची खुर्ची बटणाजवळ असते. जिन्यात अंधार दाटतो, ती पेंगत असते, आणि खालच्या पायरीवर पाऊल पडलं, की मिटल्या डोळ्यांनीच हात उठतो. येणाऱ्याच्या पुढ्यात उजेड होतो. ज्याचा त्याला, वेळेवर, जोडून दिल्यासारखा. चेअरमनकाका दिव्याला मान लववून वर जातात.

काल मी तिच्याकडे होते. तिचा हात उठला, दिवा लागला, आणि ती पुटपुटली, "आला."

खालून बाबांचा आवाज, "ताई, गिझर?"

"बंद. आणि बाळ्या, चप्पल घासत येऊ नकोस. लाइनीवर माणसं आहेत."