एका फ्रेमवर दोन चिन्हं

दुकानाच्या नव्या पाटीवर 'परंपरा' असा शब्द टाकू का, म्हणून पाटीवाल्यानं विचारलं. टाक बाबा, म्हटलं. पण कसली डोंबलाची परंपरा! बनियनवर, टोप्यांवर, पिशव्यांवर दुसऱ्यांची नावं छापण्यात आमच्या घराची जिंदगी गेली. आणि हे दुकान एकदा एका कपबशीपायी बंद पडायला आलं होतं, ते काही पाटीवर लिहिता येत नाही.

बीडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमचं दुकान आणि दुकानामागेच घर. आप्पा, म्हणजे माझे वडील, लाकडी फ्रेमवर जाळीचं कापड ताणून बसवायचे, त्यावर केमिकल चढवायचे आणि चित्राची फिल्म लावून फ्रेम उन्हात धरायचे. मग पाणी मारायचं. चित्रापुरतं केमिकल धुऊन निघतं, जाळी मोकळी होते आणि तिथून रंग खाली शर्टावर उतरतो. काम संपलं की फ्रेम कोरी करायला पुन्हा पाणी. लोकांना वाटतं हा रंगाचा धंदा आहे. अहो, हा पाण्याचा धंदा आहे!

आणि त्या वर्षी पाणीच नव्हतं. पालीजवळच्या धरणात पोरं क्रिकेट खेळत होती. गल्लीत टँकर मनाला येईल तेव्हा यायचा. आई पाइपासाठी बायकांशी भांडून ड्रम भरून घ्यायची, त्यावर झाकण आणि झाकणावर पाटा ठेवायची. "प्यायाचं का तुमच्या फ्रेमी धुवायाच्या, ते एकदा सांगा," असं ती आप्पांना रोज सुनवायची. पण दारात आलेल्या माणसाला तांब्याभर पाणी दिल्याशिवाय तिनं त्या उन्हाळ्यातही कुणाला परत पाठवलं नाही. त्यावरून माझीच तिच्याशी वादावादी व्हायची.

अशात आमच्या पट्ट्यातल्या सहकारी साखर कारखान्याची निवडणूक लागली. शिवारात उसाचं टिपरू नाही, तोडणीला गेलेली माणसं हात हलवत लवकर परत आलेली, तरी पॅनल दोन! चिन्हवाटप व्हायचं होतं, पण दरवेळचंच मिळणार हे धरून एकाचं चिन्ह छत्री, दुसऱ्याचं कपबशी. दुष्काळात छत्री घेऊन मतं मागायची म्हणजे कमालच झाली. दोघांनाही शर्ट आमच्याकडूनच छापून हवे होते.

मी आप्पांना म्हटलं, एकाचंच घ्या. तर म्हणाले, "कोणबी निवडून येऊ दे, कामगारांच्या शर्टाचं काम आपल्यालाच भेटलं पाहिजे. एकाला न्हाई म्हणलं आन् त्योच आला तर?"

त्यांचंही खरं होतं. दुष्काळानं लग्नाच्या पिशव्या बंद, क्लासवाल्यांचे टी-शर्ट बंद. कारखान्याचं दरवर्षीचं काम मिळालं तर दुकान चालणार, नाहीतर छपाईचं टेबल आणि फ्रेमा विकून आप्पा पाहुण्याच्या पेट्रोलपंपावर राखणीला जाणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. हे सगळं काम त्यांच्या हाताखाली शिकले होते मी, पण मला विचारतंय कोण!

पाणी वाचवायला आप्पांनी एक युक्ती काढली. दोन्ही चिन्हं एकाच फ्रेमवर, वर छत्री आणि खाली कपबशी. धुणं एकदाच. छत्री छापायची तेव्हा कपबशीवर टेप मारायची, कपबशी छापायची तेव्हा छत्रीवर. मी म्हटलं, "आप्पा, उन्हाचा कडाका हाय लई, टेप सुटंल." "मला शिकवू नको," एवढंच उत्तर.

सुटलीच. पत्र्याखाली डिंक पातळ झाला आणि रंग टेपेखाली झिरपला. सुरुवातीचे शर्ट चांगले निघाले, नंतरच्यांवर छत्रीच्या खाली बशीची पुसट कड आली, पुढं पुढं तर कपाचा कानही उठला. घाईत कुणी उलगडून पाहिलं नाही. वाळले की घडी, घडी की गठ्ठा, गठ्ठा की जीप.

दुसऱ्या दिवशी छत्रीवाला पुढारी गठ्ठे जीपमध्ये घालून परत आला. आईनं नेहमीसारखं पाणी पुढं केलं. त्यानं चूळ भरली, उरलेला तांब्या रस्त्यावर ओतला आणि एक शर्ट आप्पांच्या तोंडासमोर धरला.

"माझ्या छत्रीखाली त्येची कपबशी कावून हाय बे? फितूर झाला का?"

"मालक, टेप सुटली," आप्पा हात जोडून म्हणाले. माझ्या वडिलांपेक्षा तो माणूस वयानं लहान होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गठ्ठे तिथंच टाकून तो निघून गेला. संध्याकाळपर्यंत कपबशीवाल्यांचाही निरोप आला, तुमच्यावर भरवसा नाही, तुमचे शर्ट नकोत.

आणि मग काय झालं? अर्ज मागं घ्यायच्या दिवशी दोघं एका गाडीतून उतरले. निवडणूक बिनविरोध! निम्म्या जागा याला, निम्म्या त्याला. आमच्याकडून चुकून एका शर्टावर आलं ते त्यांनी हार घालून केलं. कामगारांच्या शर्टाचं काम कुणाच्या तरी मेव्हण्याला गेलं. आम्हाला साधं बोलवलंही नाही. आजही आठवलं की दात-ओठ खावेसे वाटतात.

आप्पांनी टेबलाला गिऱ्हाईक पाहिलं. तो माणूस न्यायला यायच्या आदल्या दिवशी तेलगावकडच्या शाळेचे एक गुरुजी आले. पोरांना उन्हाच्या टोप्या द्यायच्या होत्या, त्यावर शाळेचं नाव हवं होतं. काम लहानच.

"बंद केलं गुरुजी," आप्पा म्हणाले. "फ्रेम घाण हाय, धुवायाला पाणी न्हाई."

मी भडकलेच. "टेबल अजून घरात हाय ना? मी छापते!" आप्पा मान वर करेनात. टँकरचा पत्ता नव्हता, ड्रम खडखडीत होता. घरात पाणी म्हणून होतं ते आईच्या एका घागरीत, प्यायचं.

ती घागर कडेवर घेऊन आई बाहेर आली. तिनं ती मोरीजवळ टेकवली, दोन चिन्हांची फ्रेम भिंतीला उभी केली आणि ब्रश आप्पांच्या हातात दिला.

"धुवा. नीट धुवा. कपाचा कानसुदिक राहिला न्हाई पाहिजे."

आप्पा घासत राहिले, ती थोडं थोडं ओतत राहिली. छत्री गेली, कपबशी गेली, जाळी कोरी झाली. मग मी शाळेचं नाव कागदात कापून काढायला बसले, त्याला पाणी लागत नाही.

गुरुजी दारातच उभे होते, उन्हातून आलेले, घामानं निथळणारे. आई सवयीनं तांब्या आणायला आत गेली. रिकाम्या घागरीत तांब्या वाजला तो आम्हाला बाहेर ऐकू आला. गुरुजी जाईपर्यंत ती बाहेर आली नाही.