खंडेनवमीला उघडलेलं झाकण

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, अक्कावर. दोन हजार सात सालच्या खंडेनवमीला, तारिहाळच्या एका कारखान्यात, आरती संपल्या संपल्या. हे आधीच सांगते, कारण लोक अजून म्हणतात, "चुकून झालं." चुकून कसलं?

कारखान्यात दाराशेजारी बसवायचे बिनवायरचे डबे बनायचे. कार्ड दाखवलं की दार उघडतं. डब्याचं झाकण कुणी काढलं तर भोंगा वाजतो, डबा सगळी कार्डं विसरतो आणि दार बंदच राहतं. अक्का ठेकेदाराकडून कामाला. दिवसभर याच झाकणांचे स्क्रू आवळायची, पण कारखान्याच्या दारालाही असाच डबा, आणि तिला स्वतःला कार्ड नव्हतं. रोज सकाळी कार्डवालं कुणी येईपर्यंत दाराबाहेर उभी. बहुतेकदा यायची आमची मावसबहीण. अक्काच्या मागनं कामाला लागलेली, अक्कानंच काम शिकवलेली. पण सासऱ्यांची साहेबांशी ओळख, म्हणून कायम झालेली, कार्ड मिळालेली.

आणि ते कार्ड! निळ्या फितीत अडकवून बारशाला गळ्यात, भाजी आणायला गळ्यात. पंगतीत आमटी लागू नये म्हणून ती ते ऐटीत पाठीवर टाकायची. आई म्हणायची, "बघ, कशी शोभती!" माझं जेवण तिथंच संपायचं. ती फीत ओढून घ्यावी आणि अक्काच्या गळ्यात घालावी असं वाटायचं. हेवा? होय, हेवाच. का नसावा? हक्कानं ते कार्ड अक्काचं होतं.

खंडेनवमीला घरच्यांना आत सोडतात, म्हणून मी तिथं होते. सगळ्या यंत्रांना झेंडू, कुंकू झालं. आरतीचं ताट अक्काच्या हातात. दाराच्या डब्यापाशी मावसबहीण थांबली.

"झाकणाला कुंकू लावून काय उपयोग गं अक्का? यंत्र तर आत आहे."

"ते उघडायचं नसतंय बाई."

"तुला नसेल. माझ्याकडं कार्ड आहे की! देवाच्या कामाला कोण काय म्हणणार?"

तिनं स्क्रू काढले, झाकण ओढलं आणि अक्काच्या ताटात टाकलं. अक्काचं बोट कुंकवात होतं तेवढ्यात भोंगा सुरू झाला. "अय्यो, देव जागा झाला!" मागनं कुणीतरी हसलं.

मागच्या दारानं साहेब फिरून आले. "कुणी उघडलं?"

सगळ्यांनी ताटाकडं पाहिलं. झाकण तिथं, कुंकू अक्काच्या बोटाला. मावसबहिणीनं कार्ड उलटं फिरवलं आणि ती मागं सरकली. तिच्याबरोबर सगळेच.

दसऱ्यानंतर अक्काला कामावर घेतलं नाही. यंत्राशी छेडछाड केली म्हणे. आता दुसरा कारखानाही तिला दारात उभं करत नाही. मावसबहीण मात्र ती फीत अजून लग्नाकार्यांत मिरवते.

त्या आरतीला टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्ही होता ना? मग उद्या सकाळी फाटकावर या. स्क्रू कुणी काढले ते साहेबांना तोंडावर सांगा, आणि अक्काला कामावर घेईपर्यंत तिथनं हलू नका.